व्हॉल्टच्या फायरवॉलमध्ये डेटाबेसचा आयपी शोधू नका

आलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारा तरुण नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेस सांभाळतो. त्यांचा ग्राहक म्हणजे रामदासपेठेतलं एक हॉस्पिटल. रुग्णांची माहिती ॲझ्युर एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेत), पुण्याच्या सेंट्रल इंडिया रिजनमध्ये आहे. हॉस्पिटलच्या आग्रहावरून त्यांनी एन्क्रिप्शनसाठी (किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये म्हणून) मायक्रोसॉफ्टच्या किल्लीऐवजी स्वतःची किल्ली घेतली आणि ती की व्हॉल्टमध्ये, म्हणजे ॲझ्युरच्या किल्ल्यांच्या तिजोरीत, ठेवली. मग व्हॉल्टवर फायरवॉल (कुठून आलेल्याला आत सोडायचं ते ठरवणारी चौकी) लावली, तिच्यात ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, टाकला, आणि तेव्हापासून डेटाबेसला किल्ली मिळेनाशी झाली. त्याचे प्रश्न तीन: एसक्यूएल सर्व्हरचा कोणता आयपी फायरवॉलमध्ये टाकायचा? व्हॉल्टला प्रायव्हेट एंडपॉइंट (आपल्या खासगी नेटवर्कमधून थेट रस्ता) लावला तर काम होईल का? आणि हॉस्पिटलचा ऑडिटर म्हणतो की फायरवॉलला एकही अपवाद नको, त्याला काय सांगायचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. असा आयपी तुम्हाला मिळणार नाही, आणि त्याच्या मागे लागूही नका. प्रायव्हेट एंडपॉइंट चांगली गोष्ट आहे, पण या अडचणीवर तो उपाय नाही. व्हॉल्टच्या नेटवर्किंगच्या पानावर ‘अलाऊ ट्रस्टेड मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस टू बायपास धिस फायरवॉल’ अशी एक टिक असते. ती लावा, सर्व्हरच्या मॅनेज्ड आयडेंटिटीला (ॲझ्युरमधल्या त्याच्या ओळखीला) किल्लीवर योग्य परवानगी द्या, डेटाबेस चालू होईल. मात्र एवढ्यावर थांबलात तर ऑडिटरला उत्तर देता येणार नाही, आणि पुढच्या वेळी काही अडलं तर पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल. म्हणून कारणं नीट सांगतो.

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की किल्ली व्हॉल्टमध्ये आहे, डेटाबेस ती घेऊन जातो आणि डेटा उघडतो. प्रत्यक्षात दोन किल्ल्या आहेत. डेटाबेसच्या फाइल्स ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होतात ती एईएसची २५६ बिटची किल्ली डेटाबेसमध्येच असते, त्याच्या बूट रेकॉर्डमध्ये, पण गुंडाळलेल्या अवस्थेत. तिला गुंडाळणारी आणि उघडणारी दुसरी किल्ली म्हणजे तुमची व्हॉल्टमधली आरएसए किल्ली, २०४८ किंवा ३०७२ बिटची. ही आरएसए किल्ली व्हॉल्ट सोडून कुठेही जात नाही. सर्व्हर गुंडाळलेली किल्ली व्हॉल्टकडे पाठवतो आणि म्हणतो, एवढी उघडून दे. व्हॉल्ट उघडून देतो. म्हणजे व्हॉल्टच्या दारावर थाप मारणारा तुमचा ॲप्लिकेशन सर्व्हर नसतो, तुमचा लॅपटॉप नसतो, तुमच्या व्हर्च्युअल नेटवर्कमधलं काहीच नसतं. थाप मारते ती ॲझ्युर एसक्यूएल ही सेवा, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाळ्यातून येते. तिथले पत्ते अनेक ग्राहकांत वाटलेले असतात आणि बदलत राहतात. ज्या यंत्रावर आज तुमचा डेटाबेस आहे, त्यावर उद्या असेलच असं नाही.

प्रायव्हेट एंडपॉइंटचा गोंधळही इथेच सुटतो. एसक्यूएलला लावलेला प्रायव्हेट एंडपॉइंट तुमच्या नेटवर्कमधून डेटाबेसकडे जाणारा रस्ता आहे. व्हॉल्टला लावलेला एंडपॉइंट तुमच्या नेटवर्कमधून व्हॉल्टकडे जाणारा रस्ता आहे. एसक्यूएलकडून व्हॉल्टकडे जाणारी हाक या दोन्हींपैकी कुठल्याच रस्त्याने जात नाही. कारण एंडपॉइंट लावल्यामुळे एसक्यूएल ही सेवा तुमच्या नेटवर्कमध्ये राहायला येत नाही, तिचं फक्त एक दार तुमच्या नेटवर्कमध्ये उघडतं. म्हणून दोन्ही एंडपॉइंट लावून, व्हॉल्टचा पब्लिक ॲक्सेस पूर्ण बंद करूनसुद्धा ती टिक लागतेच. आणि पब्लिक ॲक्सेस बंद असतानाही ती टिक काम करते, हे लक्षात ठेवा. ऑडिटरशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

आता त्या टिकने नेमकं काय उघडतं ते बघू. ‘बायपास’ हा शब्द वाचून लोक दचकतात, आणि दचकायलाच हवं. पण विचार करा, व्हॉल्टपुढे तपासण्या तीन आहेत. तू कुठून आलास, ही नेटवर्कची तपासणी. तू कोण आहेस, ही ओळखीची. तुला काय करायची मुभा आहे, ही परवानगीची. टिक लावल्यावर विश्वासू सेवांच्या यादीतल्या सेवेला फक्त पहिली तपासणी माफ होते. उरलेल्या दोन जशाच्या तशा राहतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने गॅसच्या गाडीला आत सोडलं म्हणून तुमच्या फ्लॅटचं कुलूप उघडत नाही, तसंच हे. दुसऱ्या कुणाचा एसक्यूएल सर्व्हर तुमच्या व्हॉल्टपर्यंत पोहोचला, तरी त्याच्या ओळखीला तुमच्या किल्लीवर काहीही परवानगी नाही, त्यामुळे तो तसाच परत जातो. आणि ‘विश्वासू सेवा’ म्हणजे ॲझ्युरवर भाड्याने घेतलेलं कुठलंही यंत्र नव्हे. कुणी ॲझ्युरवर व्हर्च्युअल मशीन घेऊन तिथून तुमच्या व्हॉल्टला हाक मारली, तर ती मशीन या यादीत बसत नाही आणि फायरवॉल तिला बाहेरच ठेवते.

इथे एक खरा धोका आहे, आणि ऑडिट रिपोर्टमध्येही त्याची गल्लत झालेली मी पाहिली आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या नेटवर्किंगच्या पानावर साधारण अशाच नावाची दुसरी टिक असते: ‘अलाऊ ॲझ्युर सर्व्हिसेस अँड रिसोर्सेस टू ॲक्सेस धिस सर्व्हर’. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी, पण वागणूक अगदी उलट. एसक्यूएलवरची टिक लावली की ॲझ्युरमधून येणाऱ्या कोणत्याही जोडणीला तुमच्या सर्व्हरच्या दारापर्यंत येता येतं, दुसऱ्यांच्या सबस्क्रिप्शनमधून (ॲझ्युर खात्यातून) आलेलीसुद्धा. मग पुढे फक्त लॉगिन आणि पासवर्ड उरतो. व्हॉल्टवरची टिक अरुंद आहे, एसक्यूएलवरची रुंद. व्हॉल्टवरची लावा. एसक्यूएलवरची काढा आणि तिच्या जागी तुमच्या ॲपसाठी प्रायव्हेट एंडपॉइंट किंवा नेमकं सबनेट (नेटवर्कचा ठरावीक भाग) द्या. तुमच्या ऑडिटरचा मूळ आक्षेप या दुसऱ्या टिकवर असण्याची बरीच शक्यता आहे. एकदा त्यांना शांतपणे विचारा की तुम्ही कोणतं पान बघितलंत.

परवानगीकडे वळतो, कारण नेटवर्क माफ केल्यावर सगळा भार तिच्यावर येतो. एसक्यूएल सर्व्हरच्या आयडेंटिटीला किल्लीवर तीनच गोष्टी लागतात: गेट (किल्लीची माहिती वाचणं), रॅप (गुंडाळणं) आणि अनरॅप (उघडणं). यापेक्षा एकही जास्त देऊ नका. व्हॉल्ट आरबॅक पद्धतीवर (रोल देऊन परवानगी ठरवायची पद्धत) असेल तर यासाठी तयार रोल आहे, ‘की व्हॉल्ट क्रिप्टो सर्व्हिस एन्क्रिप्शन यूजर’. तो रोल पूर्ण व्हॉल्टवर न देता त्या एका किल्लीवर देता येतो, तसाच द्या. व्हॉल्ट जुन्या ॲक्सेस पॉलिसी पद्धतीवर (व्हॉल्टमध्येच कुणाला काय मुभा याची यादी) असेल तर आरबॅकवर न्या असं मी आग्रहाने सांगेन. कारण जुन्या पद्धतीत ज्याच्याकडे व्हॉल्टवर कॉन्ट्रिब्युटर रोल (मांडणी बदलायचा अधिकार) आहे तो स्वतःचं नाव पॉलिसीत घालून स्वतःलाच किल्लीचे अधिकार देऊ शकतो. फायरवॉल त्याला अडवत नाही, कारण व्हॉल्टची फायरवॉल फक्त किल्ल्या, सिक्रेट आणि सर्टिफिकेट यांच्या वापरावर लागू होते. व्हॉल्टची मांडणी बदलण्याचं काम वेगळ्या वाटेने जातं आणि तिथे ती बघतही नाही. लहान कंपन्यांमध्ये कॉन्ट्रिब्युटर रोल सर्रास वाटलेला असतो. तुमच्याकडे कुणाकुणाला आहे ते आजच काढून बघा. मात्र पद्धत बदलताना क्रम महत्त्वाचा: आधी रोल द्या, मग व्हॉल्ट आरबॅकवर न्या. उलट केलंत तर मधल्या वेळात सर्व्हरला किल्ली मिळणार नाही. रोल दिल्यावर तो लागू व्हायला काही मिनिटं जातात, तेवढा धीरही धरा.

आयडेंटिटी सिस्टिम असाइन्ड (सर्व्हरसोबतच येणारी आणि जाणारी) घ्यावी की यूजर असाइन्ड (वेगळी बनवून सर्व्हरला जोडलेली), हे परिस्थितीवर आहे. एकच सर्व्हर असेल तर सिस्टिम असाइन्ड चालते. पण पुण्यात मुख्य सर्व्हर आणि चेन्नईच्या साउथ इंडिया रिजनमध्ये दुसरा, अशी मांडणी असेल किंवा पुढे होणार असेल तर मी यूजर असाइन्ड घेतो. सर्व्हर जन्माला येण्याआधीच तिला परवानगी देऊन ठेवता येते, आणि सर्व्हर काढून पुन्हा उभा केला तरी ओळख तीच राहते. फक्त ती कुणी साफसफाईच्या भरात काढून टाकणार नाही याची काळजी घ्या. पोर्टलवर ती कुणाचीच नसल्यासारखी एकटी पडलेली दिसते आणि मग कुणीतरी विचारतं, हे काय आहे, उडवू का?

आता तुमच्या हाताशी लगेच येईल अशी गोष्ट: ४०३ (मागणी नाकारल्याचा एरर कोड) कसा वाचायचा. किल्ली मिळाली नाही की सगळे ‘४०३ आला’ एवढंच सांगतात. पण ४०३ च्या पोटात आणखी एक कोड असतो आणि तोच तीन तपासण्यांपैकी कोणती अडली ते सांगतो. ‘फॉरबिडन बाय फायरवॉल’ असेल आणि सोबत ‘क्लायंट ॲड्रेस इज नॉट ऑथराइज्ड अँड कॉलर इज नॉट अ ट्रस्टेड सर्व्हिस’ असं वाक्य असेल, तर नेटवर्कने अडवलं. ‘फॉरबिडन बाय कनेक्शन’ असेल तर पब्लिक ॲक्सेस बंद आहे आणि हाक प्रायव्हेट लिंकवरून आलेली नाही. ‘फॉरबिडन बाय आरबॅक’ किंवा ‘फॉरबिडन बाय पॉलिसी’ दिसलं तर नेटवर्क पार झालं, परवानगी कमी पडली. पहिल्या दोन प्रकारांत रोल वाढवत बसू नका, आणि शेवटच्या प्रकारात फायरवॉल उघडू नका. घाईत लोक नेमकं हेच करतात. अडलं एका दारावर आणि उघडलं दुसरं, मग तेही उघडंच राहून जातं.

हे लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, दिसायला व्हॉल्टवर डायग्नोस्टिक सेटिंग चालू असायला हवं. ऑडिट इव्हेंट ॲझ्युरच्या ‘लॉग ॲनालिटिक्स’ या सेवेत पाठवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं आवश्यक आहे, तेव्हा साठवण्याची मुदत त्याहून कमी ठेवू नका.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे टिक काढली तर काय होतं ते डोळ्यांसमोर येईल. धंतोलीतल्या एका निदान केंद्राचा डेटाबेस मी बघतो. त्यांच्या सुरक्षा तपासणीच्या अहवालात एक ओळ आली की व्हॉल्टच्या फायरवॉलला बायपास आहे, धोका ‘हाय’. तिथल्या प्रामाणिक माणसाने अहवाल मिटवायचा म्हणून दुपारी ती टिक काढली. लगेच काहीच झालं नाही, म्हणून तो निश्चिंत झाला. थोड्या वेळाने काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की पावती निघत नाही. मग सॅम्पल घेणाऱ्यांचे बारकोड थांबले. मला फोन आला तेव्हा शब्द होते, ‘सर, सर्व्हर डाउन आहे.’ सर्व्हर डाउन नव्हता. पोर्टलवर डेटाबेसची स्थिती ‘इनॲक्सेसिबल’ दिसत होती. व्हॉल्टच्या लॉगमध्ये एकाखाली एक ओळी होत्या: क्रिया अनरॅप, निकाल ४०३, पत्ता आमच्या कुणाच्याच ओळखीचा नाही, आणि मागणाऱ्याच्या रकान्यात एक लांबलचक ऑब्जेक्ट आयडी. तो आयडी एसक्यूएल सर्व्हरच्या आयडेंटिटीशी अक्षर अन् अक्षर जुळला. म्हणजे मागणारा आपलाच होता, परवानगीही शाबूत होती, अडवला होता तो फक्त दारावर. टिक परत लावली. काउंटरवर तोवर पावत्या हाताने लिहिणं सुरू होतं आणि बाहेर उपाशीपोटी सॅम्पल द्यायला आलेली वयस्क माणसं बसून होती. डेटाबेस तासाभराच्या आत आपोआप परत आला.

आपोआप परत आला, कारण अर्ध्या तासाच्या आत किल्लीची वाट मोकळी झाली होती. हे आकडे पाठ करून ठेवा. किल्ली हातातून गेली की साधारण १० मिनिटांच्या आत डेटाबेस नव्या-जुन्या सगळ्या जोडण्या नाकारायला लागतो. ३० मिनिटांच्या आत किल्ली परत मिळाली तर पुढच्या तासाभरात तो स्वतःहून सावरतो. ३० मिनिटं उलटली तर स्वतःहून सावरत नाही. पोर्टलवर जाऊन किल्ली पुन्हा पडताळावी लागते, वेळ बराच जाऊ शकतो, आणि डेटाबेस परत आला तरी काही मांडण्या पुसल्या जातात: पॉइंट इन टाइम रिस्टोअरचा (हव्या त्या क्षणाची प्रत परत आणण्याचा) इतिहास, लाँग टर्म रिटेन्शनचं (बॅकअप दीर्घकाळ ठेवण्याचं) धोरण, फेलओव्हर ग्रुप (दुसऱ्या रिजनमधल्या राखीव सर्व्हरशी जोडणी), इलास्टिक पूल (अनेक डेटाबेसमध्ये वाटलेली क्षमता). डेटा जात नाही, पण त्याच्याभोवती बांधलेलं संरक्षण जातं, आणि ते गेलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अनरॅपच्या ४०३ वर अलर्ट लावा आणि तो ईमेलवर न ठेवता फोनवर येईल असा ठेवा. अर्ध्या तासात ईमेल उघडला जाईलच याची खात्री नसते.

मग ऑफिसचा आयपी फायरवॉलमध्ये टाकायचा कशासाठी? माणसांसाठी. तुम्ही पोर्टलवरून किंवा कमांडने किल्ली बघता, नवी आवृत्ती बनवता, तेव्हा थाप तुमच्या ऑफिसातून पडते. तिथे आयपीचा नियम लागू होतो, आणि तो पब्लिक आयपीच असावा लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारा ऑफिसमधला पत्ता तिथे चालत नाही. नागपुरात यात एक नेहमीची अडचण आहे. सिमेंटच्या रस्त्यांसाठी कुठेतरी खोदतात, फायबर तुटतं, आणि राउटर दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर जातो. पब्लिक आयपी बदलतो, आणि तुम्हाला वाटतं व्हॉल्ट बिघडला. दोन्ही लाइनला स्थिर आयपी घ्या आणि दोन्ही टाका, किंवा त्याहून बरं म्हणजे व्हॉल्टला प्रायव्हेट एंडपॉइंट द्या आणि व्हीपीएनवरून जा. एंडपॉइंट लावलात तर डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे) लक्ष द्या. व्हॉल्टचं नाव ऑफिसमधून विचारल्यावर पब्लिक पत्ता येत असेल, तर एंडपॉइंट असूनही तुम्ही बाहेरच्याच दारावर उभे आहात. मात्र घरून काम करणाऱ्यासाठी ‘थोडा वेळ’ म्हणून सगळ्या नेटवर्कना परवानगी देऊ नका. तो थोडा वेळ संपत नाही.

खरं म्हणजे माणसांनी किल्लीजवळ जायचं कारणच फार कमी आहे. मी माझ्या ग्राहकांकडे व्हॉल्ट वेगळा ठेवतो, त्यात फक्त डेटाबेसची किल्ली. ॲपचे पासवर्ड आणि टोकन दुसऱ्या व्हॉल्टमध्ये. कारण ॲपच्या व्हॉल्टमध्ये डेव्हलपर रोज जातात, आणि रोजच्या हालचालीच्या जागी हॉस्पिटलचा सगळा डेटा जिच्यावर अवलंबून आहे ती वस्तू ठेवायची नसते. टेस्ट आणि प्रॉडक्शनचे व्हॉल्टही वेगळे.

आता किल्ली हरवण्याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की स्वतःची किल्ली घेणाऱ्याला ती चोरीला जाण्यापेक्षा हरवण्याची भीती जास्त वाटली पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या किल्लीत ही जबाबदारी त्यांची होती. स्वतःची घेतलीत की ती पूर्ण तुमची. व्हॉल्टवर सॉफ्ट डिलीट (काढलेली किल्ली काही दिवस परत आणता येण्याची सोय) आणि पर्ज प्रोटेक्शन दोन्ही हवं, ॲझ्युर एसक्यूएलची तशी अटच आहे. सॉफ्ट डिलीटची मुदत ७ ते ९० दिवस असते, ९० ठेवा. पर्ज प्रोटेक्शन असलं की ती मुदत संपेपर्यंत किल्ली कायमची नष्ट कुणालाच करता येत नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही. बरेच जण व्हॉल्टवर डिलीट लॉक लावून समाधान मानतात. तो लॉक व्हॉल्टला वाचवतो, आतल्या किल्लीला नाही. किल्ली काढण्याचा अधिकार असलेला माणूस लॉक असतानाही किल्ली काढू शकतो, आणि सॉफ्ट डिलीट झालेली किल्ली परत आणेपर्यंत ती कामाची नसते. तेवढ्या वेळात वर सांगितलेली १० आणि ३० मिनिटांची घड्याळं चालू झालेली असतात.

किल्ली फिरवणं, म्हणजे नवी आवृत्ती आणणं, आपोआप होऊ द्या. सर्व्हरवर ऑटो रोटेशन चालू केलं की व्हॉल्टमधली नवी आवृत्ती तो २४ तासांच्या आत उचलतो. यात डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही, फक्त आतली किल्ली नव्याने गुंडाळली जाते, म्हणून ते पटकन होतं. पण जुनी आवृत्ती काढू नका, डिसेबलही करू नका. जुने बॅकअप जुन्या आवृत्तीनेच उघडतात. हॉस्पिटलच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात. पाच वर्षांपूर्वीचा बॅकअप कोर्टाच्या कामासाठी मागितला आणि त्याची किल्ली कुणी ‘जुनी आहे’ म्हणून काढून टाकली असेल, तर तो बॅकअप असून नसल्यासारखा.

दुसऱ्या रिजनमध्ये सर्व्हर असेल तर तिथे दुसरा व्हॉल्ट उभा करा आणि पुण्याची किल्ली चेन्नईच्या व्हॉल्टमध्येही असू द्या. किल्लीचा बॅकअप घेऊन दुसऱ्या व्हॉल्टमध्ये रिस्टोअर करता येतो, पण सबस्क्रिप्शन तेच आणि भूभागही तोच हवा. पुणे आणि चेन्नई दोन्ही भारताच्या भूभागात मोडतात, त्यामुळे हे जमतं. सबस्क्रिप्शन बदलण्याचा विचार असेल तर आधी किल्लीचा विचार करा, डेटाबेसचा नंतर.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुम्हाला स्वतःची किल्ली खरंच हवी आहे का? ॲझ्युर एसक्यूएलमध्ये मे २०१७ नंतर तयार झालेले डेटाबेस मुळातच एन्क्रिप्टेड असतात. स्वतःच्या किल्लीने त्यात भर पडते ती नियंत्रणाची: किल्ली कधी फिरवायची, कधी काढून घ्यायची, कोणी वापरली ते कसं दिसणार. हॉस्पिटलला हे हवं असेल आणि त्यामागची जबाबदारी कुणी नाव लिहून घेत असेल, तर जरूर घ्या. पण त्यांना जर असं वाटत असेल की यामुळे डेटाबेस ॲडमिनला रुग्णाचा एचआयव्ही रिपोर्ट दिसणार नाही, तर तसं नाही. हे एन्क्रिप्शन डिस्कवरच्या फाइल्सचं आणि बॅकअपचं आहे. लॉगिन करून क्वेरी मारणाऱ्याला सगळं साध्या अक्षरात दिसतं. ते लपवायचं असेल तर ऑलवेज एन्क्रिप्टेड (डेटाबेसमध्ये जाण्याआधीच माहिती एन्क्रिप्ट करायची पद्धत) वापरावं लागेल, आणि तिथे गणित उलटं होतं. त्यात किल्ली मागायला व्हॉल्टकडे जातो तो तुमचा ॲप्लिकेशन सर्व्हर, एसक्यूएल सेवा नव्हे. म्हणजे विश्वासू सेवांची टिक तिथे कामाची नाही, आणि प्रायव्हेट एंडपॉइंट अगदी बरोबर उत्तर ठरतो. दोन्ही पद्धती एकाच डेटाबेसवर असतील तर दोन वेगळे व्हॉल्ट ठेवा, नाहीतर कुठल्या हाकेसाठी कोणता नियम लावला हे सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

कंपनीत कुणी ‘एडब्ल्यूएसवर जाऊ, तिथे ही कटकट नाही’ असं म्हणत असेल तर तेही सांगून ठेवतो. तिथे, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, केएमएसच्या (किल्ल्यांच्या सेवेच्या) किल्लीच्या पॉलिसीत सोर्स आयपीची अट घातली, तर आरडीएस (तिथली डेटाबेस सेवा) तुमच्या वतीने किल्ली मागायला जातं तेव्हा तीच अट आडवी येते. कारण तेच, मागणारा तुमच्या पत्त्यावरून येत नाही. तिथे ‘व्हाया सर्व्हिस’ अशी अट लावतात, म्हणजे ही किल्ली आरडीएसमार्फतच वापरता येईल. किल्ली डिसेबल झाली तर आरडीएसचा डेटाबेस सात दिवस परत आणता येईल अशा अवस्थेत थांबतो, नंतर बॅकअपमधूनच उभा करावा लागतो. ढग बदलला तरी विचार करण्याची रीत हीच राहते.

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न, ऑडिटरचा. ‘मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय’ असं म्हणून जाऊ नका, त्यांना ते पटणार नाही आणि पटू नयेही. अपवाद आहे हे मान्य करा आणि त्याच्या भोवती काय आहे ते दाखवा. मी लिहिलं असतं तर असं: ‘व्हॉल्टचा पब्लिक ॲक्सेस बंद आहे. माणसांचा प्रवेश फक्त प्रायव्हेट एंडपॉइंटवरून आहे. विश्वासू सेवांचा अपवाद चालू आहे, कारण डेटाबेस सेवा ग्राहकाच्या नेटवर्कमधून येत नाही आणि अपवाद काढल्यास डेटाबेस सुमारे दहा मिनिटांत बंद पडतो. या अपवादाने फक्त नेटवर्कची तपासणी वगळली जाते. किल्लीवर परवानगी एकाच आयडेंटिटीला आहे, गेट, रॅप आणि अनरॅप एवढीच. किल्लीच्या प्रत्येक वापराची नोंद १८० दिवस ठेवली जाते आणि नाकारलेल्या मागणीचा इशारा लगेच मिळतो.’ सोबत तीन स्क्रीनशॉट जोडा: नेटवर्किंगचं पान, किल्लीवरचे रोल, आणि गेल्या आठवड्याचा अनरॅपचा लॉग. त्या लॉगमध्ये तुमच्या सर्व्हरच्या आयडेंटिटीशिवाय दुसरं कुणी दिसत असेल, तर स्क्रीनशॉट पाठवण्याआधी ते कोण आहे ते शोधा.